एक जानेवारीचा कप्पा

रात्रपाळीत माझं काम एवढंच :
समोरच्या बेटावरची यंत्रं जे पुटपुटतात ते साठवायचं.
धक्क्यावरचं तिकीटघर, केर्दलाच्या दवाखान्यातला राउटर,
गावोगावचे पाण्याचे पंप,
सगळे समुद्राखालच्या केबलमधून
हाप्सालूच्या या खोलीत येतात
आणि आपापली ओळ टाकून जातात.
दार उघडलं. दार मिटलं.
कुणी पासवर्ड चुकवला, परत चुकवला, तिसऱ्यांदा बरोबर.
ती दवाखान्यातली हेल्वे असणार,
नव्या चष्म्याची अजून सवय नाही.

सेकंदाला चारशे ओळी.
इतकं कोण वाचणार, म्हणून चाळण्या लावल्यात.
चाळणीवर खडा उरला तरच घंटा वाजते,
बाकीचं पीठ नव्वद दिवस डब्यात.
रोज रात्री दोनला झाडू फिरतो,
त्याहून जुनं असेल ते साफ.

आज वारा फार. संध्याकाळपासून फेरीबोट बंद.
भिंतीवर दोनशे बारा हिरवे ठिपके,
एकही लाल नाही.
मी पाय वर घेऊन बसले होते.

दीडच्या सुमाराला एन्देल आला,
खालच्या फाटकावरचा पहारेकरी, वय सत्त्याहत्तर.
काळी पाव-लादी, लोणी,
आणि जुनिपरच्या लाकडाची ती सुरी,
जी तो कुणाच्या हातात देत नाही.
तरुणपणी तो बेटावर दीपगृहात होता.
तासाला एक ओळ, पेन्सिलीनं, कारण शाई गोठायची.

"काय म्हणतात तुझी लेकरं?"
मी पडदा त्याच्याकडे वळवला : हा हे म्हणाला, तो ते म्हणाला.
"बोलतात त्यांचं राहू दे, वीर्वे.
बोललं कोण नाही?"

हा प्रश्न मी कधी
यंत्राला विचारलाच नव्हता.
विचारला.
पश्चिम किनाऱ्यावरचा पंप, क्रमांक सतरा :
चार ऑक्टोबरनंतर एक ओळ नाही.
ठिपका मात्र हिरवा. हाक मारली की ओ देतो,
तेवढ्यावर आम्ही त्याला धडधाकट धरलेलं.

मग तारखेची अट काढली, नुसतं नाव शोधलं
आणि तो सापडला.
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.
पंखा बंद. तापमान एकाहत्तर.
पंखा बंद. तापमान त्र्याहत्तर.
घड्याळाचा सेल मेलेला.
तापून बंद पडायचा, परत उठायचा,
आणि उठला की त्याच्या लेखी तोच दिवस,
जगातला पहिला.
दर दहा मिनिटांनी ओरडत होता,
आणि आम्ही त्याचं ओरडणं
माझ्या जन्माआधीच्या कप्प्यात नीट लावून ठेवत होतो,
दोन वाजता झाडून टाकत होतो.

एन्देलनं चष्मा कपाळावर सरकवला.
"सत्तरची एक जानेवारी? मी ड्यूटीवर होतो.
उणे अठरा. ताप कसला आलाय!"

दोनला सहा मिनिटं कमी होती.
आधी झाडू थांबवला. मग आयवोला फोन.
तो त्याच गावात राहतो, शिव्या देत उठला,
शिव्या देतच गाडीत बसला.

तीन वाजून बावन्न. आयवोचा फोन,
वाऱ्यात निम्मे शब्द उडालेले.
पंखा बदलला, सेल घातला. डबा हात लावू देत नव्हता.
आणि वर, झाकणावर दुमडलेलं पोतं,
त्यावर एक मांजर. करडं.
उठायला तयार नाही.
भांड्यात दूध होतं म्हणे, म्हणजे
गावात कुणाला तरी ही ऊब आधीपासून ठाऊक होती.

नवी ओळ आली, आजच्या तारखेची :
पंखा चालू. तापमान चव्वेचाळीस.
एक्केचाळीस दिवसांचं बाकीचं बोलणं गेलं ते गेलंच.
मी घटनेचा अहवाल भरायला घेतला :
कारण, उपाय, जबाबदार व्यक्ती.

एन्देल मागे उभा, सुरी पुसत.
"मांजराचं लिहिलंस का?"
तसा रकाना नाही, म्हटलं.
"मग समासात लिही," तो म्हणाला,
आणि या पडद्याला
समास कुठे असतो ते शोधत राहिला.